घरचा प्रकल्प थांबवा, वर्गातला सुरू करा

मुलांना घरी करून आणायला प्रकल्प देणं शाळांनी बंद करावं. त्याऐवजी प्रत्येक वर्गानं वर्षातून एकच प्रकल्प करावा, तोही शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या सोबतीनं. प्रश्न आपल्या गावातला किंवा वस्तीतला असावा आणि त्याचं उत्तर शिक्षकांनाही आधी ठाऊक नसावं. नाशिक जिल्ह्यापुरतं तरी हे येत्या जूनपासून व्हावं, असं मला मनापासून वाटतं. जिल्हा परिषद, महापालिका, आश्रमशाळा, खासगी अनुदानित, सगळ्याच शाळांबद्दल मी बोलते आहे.

आज प्रकल्प या नावाखाली काय चालतं ते घराघरांत माहीत आहे. सहामाही जवळ आली की शालिमार, मेन रोड, कॉलेज रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत संध्याकाळी पालकांची गर्दी होते. समाजसुधारकांच्या चित्रांचा तक्ता, नद्यांचा नकाशा, पवनचक्कीचा संच, सगळं तयार मिळतं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, त्याची जागा सनबोर्डानं घेतली. रात्री जेवणं उरकली की आई चित्रं कापते, बाबा झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून आणतात आणि मूल पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक लिहितं. वहीची पानंही ठरलेली असतात: ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, संदर्भ. निरीक्षणांच्या पानासाठी कुणी कशाचंही निरीक्षण केलेलं नसतं. निष्कर्ष तर वही विकत आणायच्या आधीच तयार असतो: पाण्याचे प्रदूषण ही गंभीर समस्या असून ती रोखणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. गोदावरीच्या काठावर राहणारं मूल हे वाक्य लिहितं, नदीकडे एकदाही न बघता, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

यातली सर्वांत टोचणारी गोष्ट म्हणजे विषमता. सहामाहीच्या दिवसांतच द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू असते. दिंडोरी-निफाडकडे पहाटे बागेत गेलेली आई दिवस मावळताना घरी येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बापाचंही तेच. त्यांच्या मुलाची वही साधी, पेननं आखलेली, एखाद-दुसरं चित्र जुन्या वर्तमानपत्रातून कापलेलं. शेजारच्या बाकावर रंगीत प्रिंटची चकचकीत वही. गुण देताना शिक्षक नकळत घराची ऐपत मोजतात. पेपरात निदान सगळी मुलं एकाच बाकड्यावर, एकाच वेळेत, एकच प्रश्न सोडवतात. घरच्या प्रकल्पात तेवढीही समानता उरत नाही. शिवाय आता मोबाइलला विचारलं की मिनिटभरात प्रस्तावनेपासून संदर्भांपर्यंत सगळं लिहून मिळतं. घरून लिहून आणलेल्या वहीवरून मुलाला काय येतं हे ठरवण्याचा काळ संपला, हे मान्य केलेलं बरं.

दहावीचं उदाहरण घ्या. भाषा आणि सामाजिक शास्त्रांसाठी शाळेच्या हातात असलेले २० अंतर्गत गुण राज्य मंडळानं काढून टाकले आणि मार्च २०१९ची परीक्षा त्यांच्याविना झाली. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेचा आराखडा नवा होता, हीही कारणं होतीच. तरी सगळा रोष त्या २० गुणांभोवती जमला आणि त्याच वर्षी ते परत आले. ते परत येणं योग्यच होतं, कारण तीन तासांच्या लेखी परीक्षेत न दिसणारं बरंच काही मुलांत असतं. पण हे २० गुण कशाबद्दल आणि कसे द्यायचे, यावर त्या गदारोळात बोलणं झालं नाही. ते आता तरी व्हावं. पहिली ते आठवीसाठी राज्यानं २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम यांच्या बरोबरीनं प्रकल्पालाही जागा दिली. कागदावर सगळं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्यावर भर आहे. धोरणाची कमतरता आपल्याला कधीच नव्हती.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्पपद्धतीवरचा निबंध १९१८ साली लिहिला. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, भाषा, भूगोल त्याच्या अंगानं शिकवायचे, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात अनेक शाळांत टकळी हा वेगळा तास झाला. मुलं सूत काढायची आणि पुढच्या तासाला पुस्तकातलं गणित पुस्तकातल्यासारखंच सोडवायची. दोघांचा एकमेकांशी संबंध राहिला नाही, आणि मग टकळीही गेली. आजच्या प्रकल्पवहीचं नेमकं तेच झालं आहे. ती गणिताला चिकटत नाही, विज्ञानाला चिकटत नाही, वेळापत्रकात तिला तास नाही, म्हणून ती घरी पाठवली जाते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. त्यात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात आणि ती कामं गावाला खरोखर हवी असलेली असतात. वेल्डिंग करायचं तर कुणाच्या तरी फाटकाचं करायचं. ते फाटक बसलं नाही तर मालक तिथल्या तिथे सांगतो. प्रकल्पाला असा घेणारा हवा. शिक्षकांच्या सहीनंतर कपाटात पडून राहणाऱ्या वहीला घेणारा कुणीच नसतो.

आता नाशिक जिल्ह्यात असा प्रकल्प कसा दिसेल, ते एका उदाहरणानं जरा सविस्तर सांगते. मी गणित शिकवते, त्यामुळे माझं उदाहरण गणिताकडे झुकेल.

निफाड, चांदवड किंवा येवला तालुक्यातल्या एखाद्या गावातला आठवीचा वर्ग घेऊ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेपर्यंत काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, पडलेला असतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. त्या वेळी गावातल्या घराघरांत एकच विचार चाललेला असतो: आता विकायचा की थांबायचं? थांबलो तर भाव वाढेल कदाचित, पण कांदा घटणार, सडणार, कोंब येणार. वर्गाचा प्रश्न हाच. आपल्या गावात चाळीत ठेवलेला कांदा आठवड्याला किती घटतो, आणि कोणत्या चाळीत सर्वांत कमी घटतो?

मुलं बहुधा सुरुवातीला पाच-सहा शेतकऱ्यांकडे जातील, प्रत्येकाच्या चाळीत त्याच्याच कांद्याची वीस किलोची एक जाळीची गोणी खूण करून ठेवतील आणि दर शनिवारी वजन करतील. दोन-तीन आठवड्यांत आकडे वेडेवाकडे यायला लागतील. मग कुणीतरी म्हणेल, "बाई, पण त्या काकांचा कांदा काढताना अवकाळीत भिजला होता." दुसरा सांगेल की आमच्याकडे पात शेतातच चार दिवस वाळू दिली, यांनी लगेच कापली. तिसऱ्याला त्याच्या आजीनं सांगितलेलं असेल की उशिरा युरिया टाकलेला कांदा टिकत नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. आणि याच क्षणी वर्गाला कळतं की आपण चाळींची तुलना करत नव्हतो, कांद्यांची करत होतो. मग एकाच शेतकऱ्याचा, एकाच दिवशी काढलेला कांदा सहा गोण्यांत भरून सहा चाळींत ठेवायला हवा. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानाच्या पुस्तकातला सगळ्यांत अवघड धडा आहे, आणि तो फळ्यावर लिहून दिला तर कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. इथे तो मुलांनी स्वतःच्या गरजेपोटी शोधलेला असतो. पहिले तीन आठवडे वाया गेले, असं शिक्षकांनी समजू नये. तेच आठवडे प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग आहेत. प्रकल्पवहीच्या ठरलेल्या चौकटीत मात्र त्यांना जागाच नाही, कारण तिथे उद्दिष्टांनंतर कार्यपद्धती येते आणि ती कधी चुकत नाही.

पुढचं गणित फार सुंदर आहे. समजा जूनमध्ये क्विंटलला १५०० रुपये भाव होता आणि सप्टेंबरपर्यंत कांदा २० टक्क्यांनी घटला. थांबणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून सप्टेंबरात भाव किती हवा? निम्म्याहून अधिक वर्ग १८०० सांगेल. मोठी माणसंही १८०० सांगतात. उत्तर १८७५ आहे, कारण विकायला आता शंभराऐवजी ऐंशीच किलो उरलेत. क्विंटलमागचा हा ७५ रुपयांचा फरक ज्या घरात शंभर क्विंटल कांदा पडला आहे, त्या घराला चांगलाच कळतो. तसंच दर आठवड्याला उरलेल्या वजनाच्या २ टक्के घट धरली तर दहा आठवड्यांत २० टक्के होत नाही, साधारण १८ टक्के होते. आठवीच्या पुस्तकातला चक्रवाढ व्याजाचा धडा तो हाच. सरासरी, आलेख, सांख्यिकी हे सगळं ओघानं येतं. काढलेला कांदाही जिवंत असतो, त्याचं श्वसन चालू असतं, त्यातलं पाणी उडतं, म्हणून न सडताही त्याचं वजन कमी होतं, हे विज्ञान. जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळणारी चाळ का चांगली, तेही विज्ञानच. लासलगावच्या कांदा बाजारातले रोजचे भाव उतरवून घेणं, डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात केंद्रानं कांद्याची निर्यात बंद ठेवली तेव्हा गावात काय झालं ते चार घरांत जाऊन विचारणं, आणि ऐकलेलं नीट मराठीत लिहून काढणं, हे सामाजिक शास्त्र आणि भाषा. उन्हाळ कांद्याचा चाळीतला मुक्काम साधारण दिवाळीपर्यंतचा असतो, त्यामुळे सगळा प्रकल्प पहिल्या सत्रात बसतो. खर्च काय? एक वजनकाटा, सहा गोण्या आणि एक मोठी वही.

मात्र हा प्रकल्प मुलांच्या हाती सोपवून शिक्षकांनी बाजूला बसायचं नसतं. या मुद्द्यावर प्रकल्पपद्धतीच्या उत्साही समर्थकांशी माझा मतभेद आहे. मुलं आपली आपण सगळं शोधतील, शिक्षकांनी फक्त वातावरण द्यावं, हे ऐकायला छान वाटतं. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या संशोधकांनी २००६ साली एका गाजलेल्या निबंधात याच विचाराला आव्हान दिलं. विषय नवा असलेल्या शिकाऊ माणसाला फारसं मार्गदर्शन न देता सोडलं तर त्याची सगळी मानसिक ताकद चाचपडण्यात जाते, शिकणं होतच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते वर्गात रोज पटतं. ज्या मुलाला शेकडेवारी येत नाही त्याला कांद्याची गोणी शेकडेवारी शिकवत नाही. त्याच्या हातात फक्त गोणी येते. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या असर या देशव्यापी पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की पाचवीतल्या पुष्कळ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा धड वाचता येत नाही. अशा मुलांना 'माहिती गोळा करा' म्हणून सांगणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं आहे.

म्हणून माझा आग्रह असा की प्रकल्प थांबवून शिकवायचं. १८०० की १८७५ हा वाद वर्गात पेटला की वजनकाटा बाजूला ठेवायचा, खडू हातात घ्यायचा आणि आठवडाभर शेकडेवारी शिकवायची. रीतसर, उदाहरणं सोडवून, ज्याला येत नाही त्याला पुन्हा पुन्हा समजावून. वेगळेपण एवढंच की या वेळी मुलांना उत्तर हवं असतं. पाढे, रीत, सराव यांना प्रकल्प हा पर्याय नाही. ती कशासाठी शिकायची, याचं कारण प्रकल्प देतो. घरी पाठवलेल्या प्रकल्पात नेमका हा थांबून शिकवण्याचा क्षण येऊच शकत नाही, कारण घरी शिकवणारं कुणी नसतं. माझा सगळा विरोध इथून सुरू होतो.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, हा शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. त्यासाठीच वर्षाला एक, असं मी म्हणते. सध्या विषयागणिक प्रकल्प असतात, सहा-सात विषयांचे सत्राला सहा-सात, आणि एकही धड होत नाही. शिक्षणासाठी ज्या फिनलंडचं नाव आपण सारखं घेतो, त्या देशानं २०१६ साली लागू केलेल्या अभ्यासक्रमातही विषयांच्या भिंती ओलांडणारं असं एक तरी प्रकरण प्रत्येक मुलाच्या वाट्याला दरवर्षी यावं, एवढीच अट घातली आहे. एक. बाकी वर्षभर तिथेही गणिताच्या तासाला गणितच असतं. वेळेचं म्हणाल तर राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेले आहेत. आपल्या राज्यात आनंददायी शनिवारचा उपक्रमही आहे. हे दिवस आज रांगोळी, पाककृती, वेशभूषा यांत जातात. त्यातलं काही वाईट नाही, पण एका सत्रातले शनिवार सलग एका प्रश्नाला दिले तर कांद्याचा प्रकल्प त्यात आरामात होतो.

दुसरी अडचण वर्गाच्या आकाराची. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. शहरातल्या नावाजलेल्या अनुदानित शाळांत एका तुकडीत साठ-पासष्ट मुलं बसतात. साठ मुलांना घेऊन शाळेबाहेर पडणं कुणाही शिक्षकाच्या छातीत धडकी भरवणारं आहे. यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. दोन विषयांच्या शिक्षकांनी तुकडी वाटून घ्यावी, अर्धी मुलं बाहेर आणि अर्धी वर्गात आकडेमोड करत असावीत, मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात जोडतास द्यावेत, एवढं होऊ शकतं. आणि मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोजच्या रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती यांत शिक्षकांचे दिवस घालवून वर त्यांच्याकडून नवोपक्रमांची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. शासनाला वर्गात प्रकल्प हवे असतील तर शिक्षक आधी वर्गात हवेत.

शहरातल्या मुलांकडे कांद्याची चाळ नाही, पण प्रश्न कमी नाहीत. जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी शिरतं. वर बाजार आहे आणि खालून सरस्वती नाला वाहतो, हे तिथून रोज जाणाऱ्या किती मुलांना ठाऊक आहे? तो कुठून येतो, कुठे झाकला गेला, गोदावरीला कुठे मिळतो, याचा नकाशा एका वर्गानं चालून करावा. किंवा पुराचा प्रश्न घ्या. गोदेला पाणी आलं की सगळं नाशिक विचारतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं हे शहराचं मोजमाप आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं म्हणजे मारुतीच्या कुठल्या अवयवाला पाणी लागतं, आणि शहरातले ओढे-नाले भरून वाहत असतील तर त्यात काय फरक पडतो, याचा तक्ता मुलं करू शकतात. पुरात मुलांना घाटावर न्यायचं नाही, हे उघड आहे. २०१६ आणि २०१९च्या पुरांच्या बातम्या आणि छायाचित्रं जुन्या वर्तमानपत्रांत आहेत. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे, आणि दैनिकांचे जुने अंक चाळत बसणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. विसर्गाचे आकडे जलसंपदा विभाग देतोच.

२०२५च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांवरून शहरात केवढा वाद झाला. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामापायी किती झाडं जाणार, ती जुनी की नवी, झाडं की झुडपं, याबद्दल दोन्ही बाजूंनी वेगवेगळे आकडे आणि दावे ऐकू येत होते. मी कुणाच्या बाजूची, ते इथे बाजूला ठेवते. पण राज्याचा कायदा म्हणतो की पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. म्हणजे झाडाचं वय हा सगळ्या वादाचा कणा होता. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपनं मोजून वयाचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक जातीचा वाढीचा वेग वेगळा, म्हणून अंदाजात चूक किती, हेही काढता येतं. पंचवटीतल्या दहा शाळांच्या नववीच्या वर्गांनी हे काम वाटून घेतलं असतं, तर शहराच्या हाती एक स्वतंत्र यादी आली असती. २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्तानं असे प्रश्न पुढेही निघत राहतील. रस्ते रुंद होतील, घाट बांधले जातील. मुलांना ते मोजू द्या.

पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांबद्दल एवढंच म्हणेन की सिन्नर-येवल्याच्या कित्येक पट पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये तिथल्या आयाबहिणी पाण्यासाठी दरी उतरतात. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. शाळेजवळच्या विहिरीत दोर सोडून दर सोमवारी पातळी मोजली आणि जोडीला पत्र्याच्या डब्याचं साधं पर्जन्यमापक ठेवलं, तर खालच्या काळ्या पाषाणात पाणी का मुरत नाही याचं पुस्तक आपोआप उघडतं.

गुणांचं काय करायचं? गट करून काम दिलं की दोघं राबतात आणि चौघं नावं घालतात, ही तक्रार खरी आहे. म्हणून वही एकेकाची असावी, हातानं लिहिलेली, वर्गातच लिहिलेली, त्या त्या शनिवारी शिक्षकांची सही पडलेली. शेवटी प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी प्रश्न. सजावटीला शून्य गुण. २०पैकी निदान निम्मे गुण एका गोष्टीला द्यावेत: सुरुवातीला तुला काय वाटलं होतं, मोजल्यावर काय दिसलं, आणि मग तू काय बदललंस? ज्या मुलानं 'निष्कर्ष काढता आला नाही, कारण दोन गोण्या उंदरांनी फोडल्या आणि उरलेल्या चारमध्ये फरक फार थोडा होता' असं प्रामाणिकपणे लिहिलं, त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. आज असं लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात आणि इंटरनेटवरचा निष्कर्ष उतरवणाऱ्याला शाबासकी मिळते. दहाव्या-बाराव्या वर्षी आपण मुलांना खोटी निरीक्षणं लिहायची सवय लावतो आहोत, याचं मला खरंच दुःख होतं.

एक अडचण अजून राहते आणि तिच्याबद्दल उघड बोलायला हवं. खरा प्रश्न विचारला की खरं उत्तर येतं, आणि ते प्रत्येकाला आवडेल असं नाही. पाणी तपासायचे साधे संच जलजीवन मिशनमधून गावोगाव गेले आहेत. त्यातल्या कुपीत पाणी घालून ठेवलं आणि ते काळं पडलं, तर त्यात मैलपाण्यातले जंतू असण्याची शक्यता असते. सातवीच्या वर्गानं गावच्या टाकीचं पाणी तपासलं, कुपी काळी पडली आणि मुलांनी ती २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडली, तर दुसऱ्या दिवशी बाईंना कुणाचा फोन येईल ते ग्रामीण भागात नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पाण्याऐवजी 'पाण्याचे महत्त्व' हा विषय शिक्षक का निवडतात, त्याचं एक कारण हेही आहे. तो सुरक्षित असतो.

म्हणून माझी मागणी शिक्षकांच्या आधी अधिकाऱ्यांकडे आहे. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शिक्षण विभागानं जूनच्या पहिल्या आठवड्यात एक परिपत्रक काढावं. त्यात तीन गोष्टी असाव्यात. घरी करून आणायचे प्रकल्प बंद. वर्षाला वर्गागणिक एक प्रकल्प, शाळेच्या वेळेत. आणि मुलांनी वर्गात शिक्षकांसमोर मोजलेले आकडे ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत मांडल्याबद्दल कोणत्याही शिक्षकाकडून खुलासा मागवला जाणार नाही, आकड्यांबद्दल शंका असेल तर संबंधित विभागानं शाळेत येऊन मुलांसमोर पुन्हा मोजणी करावी. खाली शिक्षणाधिकाऱ्यांची सही असावी.